तीन नंबरची भिंत

इंजिनाचा ब्लॉक टेबलावर ठेवण्याआधी संग्राम सासनेनं खिशातला पांढरा रुमाल काढून खाली अंथरला. तोवर माझ्या टेबलावर शेकडो इंजिनं आली होती, पण लोखंडाला अंथरूण घालणारा हा पहिलाच. दोघांनी मिळून ब्लॉक उचलला, रुमालावर ठेवला, आणि रुमाल तेलानं काळा झालेला बघून त्याचं त्यालाच हसू आलं.

"मगदूम काका तुम्हीच न्हवं?" त्यानं विचारलं.

"बोर्डावर तरी तसंच लिहिलंय."

"चाळीस साईज बोअर करायचाय. टर्बो बसवणार हाय."

मी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघितलं. तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेला, हातावर ग्रीसचे जुने डाग असलेला माणूस. म्हणजे निव्वळ हौशी नव्हता.

बोअरिंग हा माझा धंदा. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन वरखाली पळतो ते सिलिंडर झिजले की आतून कातून थोडे मोठे करायचे आणि त्यात मोठे पिस्टन घालायचे. वीस साईज, चाळीस साईज ही त्या मोठेपणाची मापं. वीस म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, चाळीस म्हणजे एक. आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, पण एकदा कातलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. आणि टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात दांडगाईनं हवा कोंबतो, ताकद वाढते, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा दाबही वाढतो. म्हणजे भिंत जाड पाहिजे. आणि हा गडी ती कातून पातळ करायला घेऊन आला होता. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

"चाळीस न्हाई," मी म्हणालो. "टर्बो बसवणार असाल तर वीस. आणि तेबी आधी भिंती मोजून. भिंत फाटली की पाणी आत येतंय, आणि पाणी आत आलं की तुम्ही घाटात बाजूला."

"घाटाचं मी कुठं बोललो?"

"शर्यतीशिवाय एवढी मस्ती कोण करतंय?"

तो मोकळेपणी हसला. पन्हाळ्याच्या पलीकडच्या घाटात दरवर्षी संक्रांतीनंतर शर्यत व्हायची. गाड्या एकेक करून सोडायच्या, चढ संपेपर्यंत घड्याळ लावायचं, जेमतेम चार मिनिटांचा खेळ. संग्राम दोन वर्षं दुसरा आला होता, आणि दोन्ही वेळा सेकंद-दीड सेकंदानं. मार्चमध्ये तो मस्कतला मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला जाणार होता. परत कधी यायचं ते ठरलेलं नव्हतं.

"म्हणजे ही शेवटची," तो म्हणाला. "एकदा घाट जिंकायचा आणि मग जायचं. तुम्ही म्हणशीला तसं करू काका. वीस तर वीस."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी चोपन्नचा होतो. माझी बायको पद्मा जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक नाशिकला, तिचा फोन रविवारी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीतले निम्मे कारखाने शिरोलीच्या एमआयडीसीत गेले होते, आणि माझा मदतनीस पांडूही त्यांच्यामागं गेला होता. बोअरिंगला ब्लॉक येणं कमी झालं होतं, कारण लोक आता इंजिन दुरुस्त करत नाहीत, बदलून टाकतात. शॉपच्या माडीवरच्या खोलीत मी राहायचो. कधी कधी अख्ख्या दिवसात माझा आवाज मला एकदाच ऐकू यायचा, सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना. मी कुरकुर करत नव्हतो. सवय झाली होती म्हणा, किंवा सवय झाल्याचं सोंग जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंती मोजायला घेतल्या. त्यासाठी एक लहानसं यंत्र लागतं. त्याची बोटाएवढी कांडी भिंतीला टेकवली की लोखंड किती जाड आहे ते पडद्यावर दिसतं. ते मी एका फौंड्रीच्या टेस्टिंगमधून मागून आणलं होतं. तरुणपणी सहा वर्षं मी फौंड्रीतच काढली, त्यामुळं ब्लॉक कसा जन्माला येतो ते मला ठाऊक होतं. ओतताना पोकळीच्या जागी वाळूचा गाभा ठेवतात. तो गाभा थोडा जरी सरकला तरी एका बाजूची भिंत जाड होते आणि दुसऱ्या बाजूची पातळ. बाहेरून बघून देवालाही कळणार नाही. म्हणून एकेका सिलिंडरला आठ ठिकाणी मोजायचं, जिथं मोजलं तिथं खडूनं गोल काढायचा आणि शेजारी आकडा लिहायचा. सगळ्यात पातळ जागा ठरवते की किती कातायचं. बाकीच्या एकतीस जागा कितीही जाड असोत, त्यांना कोण विचारत नाही.

एक नंबर सिलिंडर, पाच पॉइंट दोन मिलिमीटर, पाच, पाच पॉइंट एक. दोन नंबरही तसाच. तीन नंबरला एका बाजूला सहाच्या वर आकडा आला तेव्हाच मी ओळखलं. इकडं जास्त म्हणजे तिकडं कमी. कांडी समोरच्या बाजूला टेकवली. तीन पॉइंट एक. पुसून, नवं ग्रीस लावून पुन्हा टेकवली. तीन पॉइंट एक. आणि तीही नेमकी त्या बाजूला, जिकडं पिस्टन खाली येताना रेटतो.

साध्या गाडीला चालून गेलं असतं. टर्बोला कातल्यानंतरही चार तरी शिल्लक पाहिजेत. हा ब्लॉक त्या कामाला मेलेला होता. वाक्य सोपं होतं. "संग्राम, हा न्हाई चालत, दुसरा शोध." सगळं मिळून पाच-सहा शब्द.

संग्राम तेवढ्यात बाहेर कोपऱ्यावर काहीतरी आणायला गेला होता. आत आला तो हातात कागदाचा पुडा घेऊन, आणि त्यातून वाफ येत होती.

"झालं मोजून?"

"तीन नंबरची एक बाजू राहिलीय," मी म्हणालो. "आत गंज हाय. आकडा नाचतोय."

आकडा कसला नाचतोय. खिळा ठोकल्यासारखा तीन पॉइंट एकवर उभा होता. मी खडूचा गोल काढला आणि त्याच्या शेजारी काही लिहिलं नाही.

"मग उद्या बघू," तो म्हणाला. "घ्या, कांदाभजी हायत. गरम हायत तवर खावा."

"मला कांदा चालत न्हाई."

"जैन न्हवं का तुम्ही. इसरलोच की."

"जैन हाय, पण तसलं काय न्हाई. आधी सगळं खायचो. बायको पाळायची. कांदा न्हाई, बटाटा न्हाई, दिवस मावळायच्या आत जेवण. मी तिला चोरून बाहेर मिसळ हाणून यायचो."

"आणि आता?"

"आता ती न्हाई, तर मी पाळतोय."

तो भजी खाता खाता थांबला. मग पुडा बांधून बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, "मग आपण नुसता चहा घेऊ." माझ्यासमोर त्यानं परत कधी ती भजी खाल्ली नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो चार पुडांचा डबा घेऊन आला. त्याच्या आईनं मेथीची भाजी, दोन भाकऱ्या, दही आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. कांदा नाही, लसूण नाही. "आईला सांगितलं सगळं," तो म्हणाला. "ती म्हटली, दिवस मावळायच्या आत न्हिऊन दे." आम्ही लेथच्या शेजारी पाट टाकून जेवलो. पद्मा गेल्यापासून मी दुसऱ्या माणसाबरोबर जेवलोच नव्हतो, हे मला भाकरी मोडताना लक्षात आलं.

जेवून झाल्यावर त्यानं विचारलं, "तीन नंबरचं बघितलं का?"

"ब्लॉक केमिकलमध्ये उकळून घ्यायला पायजे. मग बघू."

इथून माझी चालढकल सुरू झाली. कुणी परका बघता तर म्हणाला असता, काय कसबी माणूस आहे. ब्लॉक उकळून घेतला. बेअरिंगच्या टोप्या नेमक्या जोरानं आवळून घेतल्या, कारण त्या सैल असताना ब्लॉकचा आकार वेगळा असतो. वरून बसवायला जाड पोलादी प्लेट तयार केली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, आवळलं की सिलिंडर अर्ध्या केसानं वाकडे होतात, म्हणून आधीच तशी प्लेट आवळून त्या ताणातच कातायचं, म्हणजे हेड बसल्यावर ते गोल राहतात. ही प्लेट करायला मी पाच दिवस लावले. दोन दिवसांचं काम. चांगल्या ब्लॉकला हे सगळं करायलाच पाहिजे. मी ते मयताला फेटा बांधल्यासारखं करत होतो.

संग्राम रोज यायचा. पाच वाजता त्याच्या रोजच्या गाडीचा आवाज यायचा आणि साडेचारपासून माझे कान दाराकडं असायचे. मी त्याला सिलिंडर आतून मोजायचं बोअर गेज धरायला शिकवलं. काटा कुठं वळतो ते बघायचं, आपल्याला काय पाहिजे ते बघायचं नाही, असं मी त्याला बजावून सांगितलं, आणि सांगताना माझी जीभ अडखळली नाही.

"काका, तुम्ही शर्यत बघितलाय का कधी?" एकदा त्यानं विचारलं.

"न्हाई. माझी इंजिनं गेल्यात घाटात. मी न्हाई गेलो."

"यंदा येताय. पहाटे घ्यायला येतो. वर टोकाला उभारा. गाडी दिसायच्या आधी आवाज येतोय, तुम्ही आवाजावरनं सांगा मला जिंकलो का न्हाई."

"येतो की," मी म्हणालो. आणि मला खरंच जावंसं वाटलं, हा त्यातला सगळ्यात निलाजरा भाग.

मधेच केव्हातरी तो मला अहो-जाहो करतो आणि मी त्याला अरे-तुरे करतो असं होऊन गेलं. वडील गेले त्या रात्री तो गाडी घेऊन तिलारीपर्यंत नुसता फिरत राहिला होता, ते त्यानं मला सांगितलं. मस्कतला जायची त्याला इच्छा नव्हती, तेही सांगितलं. मी पद्माबद्दल बोललो. लेकीला न सांगितलेल्या गोष्टी त्याला सांगितल्या. आणि तीन नंबर? तीन नंबरबद्दल मी मूग गिळून बसलो होतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज पाच वाजता दाराशी गाडी थांबली की ते उद्यावर जायचं.

नवव्या दिवशी बागवान आला. बागवानचं भंगाराचं गोडाऊन होतं, अपघातातल्या गाड्या तोच घ्यायचा. दारातूनच म्हणाला, "मगदूम, तुमच्याकडं त्या पोराचं काम चाललंय न्हवं? तसलाच ब्लॉक आलाय माझ्याकडं. कोरा. एकदाबी बोअर न्हाई. लागतोय का?"

त्या वेळी हातातलं काम टाकून मी पळत जायला हवं होतं. मोजायला कांडी माझ्याकडंच होती.

"न्हाई लागत," मी म्हणालो. "आमचं काम होत आलंय."

"बघा बाबा. बेळगावचा एक गिऱ्हाईक मागं लागलाय."

तीन दिवसांनी तो ब्लॉक बेळगावला गेला. मला बागवाननंच सहज बोलताना सांगितलं. मी "बरं झालं" म्हणालो.

अठराव्या दिवशी संग्राम पाचऐवजी तीनलाच आला. एका हातात पिस्टनचा खोका, दुसऱ्या हातात नारळ. शर्यतीला नऊ दिवस राहिले होते.

"काका, आता पुरं. आज कातायचं."

"तीन नंबरचं..."

"ते तुम्ही बघितलाय म्हणून मला ठावं हाय. तुम्ही बघितल्याशिवाय प्लेट आवळणार व्हय?"

माझ्याच तोंडची शिस्त त्यानं माझ्यापुढं ठेवली. मी मशीनवरचं फडकं काढलं. त्यानं ते होकारात धरलं.

आमच्या शॉपची एक रीत होती. ज्यांच्याकडं मी काम शिकलो त्या मिस्त्रींनी घालून दिलेली. पहिला कट मालकाच्या हातानं. मशीन मी लावायचं, टूल मी बसवायचं, पण टूल खाली सोडणारा दांडा मालकानं ओढायचा. मिस्त्री म्हणायचे, लोखंड त्याचं आहे, कातायला त्याची परवानगी लागते. संग्रामला मीच हे सांगितलं होतं, आणि त्यासाठीच तो नारळ घेऊन आला होता.

मी ब्लॉक मशीनवर चढवला. प्लेट आवळली. टूल एक नंबरच्या मध्यावर आणलं. हे सगळं माझे हात करत होते, आणि डोक्यात हिशेब चालू होता. अर्ध्या मिलिमीटरातला निम्मा या बाजूचा, म्हणजे तीन पॉइंट एकमधून पाव जाणार, राहणार दोन पॉइंट पंच्याऐंशी. चार मिनिटांची शर्यत. चार मिनिटं काय, दहा मिनिटंही टिकेल. कदाचित. आणि नाही टिकली तर? भिंत फाटली की सिलिंडरमध्ये पाणी, पाण्यावर पिस्टन आपटला की इंजिन जागच्या जागी जाम, आणि इंजिन जाम झालं की पुढची चाकं जाम. त्या घाटात अकरा वळणं आहेत आणि एका बाजूला दरी. हे त्यानंच मला सांगितलं होतं, हातानं हवेत वळणं काढून दाखवत.

त्यानं नारळ फोडला. पाणी मशीनच्या पायावर शिंपडलं. मी बटण दाबलं, टूल फिरायला लागलं. त्यानं दांड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मशीनच्या आवाजात त्याचे शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून कळलं.

"सोडू?"

मी लाल बटण दाबलं.

टूल फिरत फिरत थांबलं. शॉपमध्ये एवढी शांतता झाली की बाहेर कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला.

"काय झालं?" त्याचा हात अजून दांड्यावरच होता.

"न्हाई चालत हा ब्लॉक," मी म्हणालो. "तीन नंबरची भिंत पातळ हाय. ओततानाच गाभा सरकलाय. तीन पॉइंट एक. टर्बोला फाटणार."

त्यानं दांड्यावरचा हात काढला. खडूच्या त्या मोकळ्या गोलाकडं बघितलं. मग बोटानं दाढी खाजवत म्हणाला, "दुसरा मिळंल का? नऊ दिवस हायत. कुठं असंल कोल्हापुरात?"

"आता न्हाई."

त्या "आता"मध्ये बागवानचा अख्खा ब्लॉक होता. तेवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. त्याला नाही सांगितलं, आणि त्यानंतर आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तो स्टुलावर बसला. मला वाटलं, शर्यत गेली म्हणून बसलाय. मग त्यानं मान वर केली.

"काका, आकडा आज कळला तुम्हाला?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. त्यानं जवळजवळ खोटंच हातात आणून दिलं होतं. नुसतं "व्हय" म्हणायचं.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"दुसऱ्या दिवशी म्हणजे... मी भजी आणली त्या दिवशी?"

"व्हय."

"तवा तर पंचवीस दिवस होते हातात. दुसरा ब्लॉक गावला असता." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "का पण? मी काय वाकडं केलं तुमचं?"

"काय न्हाई."

"मग?"

चोपन्न वर्षांच्या माणसाला हे बोलता येत नाही. मी मशीनकडं बघत बोललो. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी ब्लॉक उचलून घेऊन गेला असतास. परत कशाला आला असतास इकडं."

तो माझ्याकडं बघत राहिला. राग असता तर मला ओळखता आला असता. तो राग नव्हता. मग तो उठला, पिस्टनचा खोका काखेत मारला.

"काका, पहिले दोन दिवस मी ब्लॉकसाठी आलो," तो म्हणाला. "पुढं ब्लॉकसाठी येत होतो व्हय? मोजायचं झालं न्हाई म्हणून डबा आणत होतो? घरात आईनं मला एकदाबी विचारलं न्हाई, काम कुठवर आलं म्हणून. मी घरी गेलो की ती विचारायची, काका जेवले का."

मी उभाच होतो. बस म्हणावं, चहा ठेवतो म्हणावं, काहीतरी म्हणावं.

"ब्लॉक भंगारात टाका," तो दारातून म्हणाला आणि गाडी सुरू करून गेला.

शर्यतीच्या दिवशी मी पहाटे उठून बसलो होतो. कुणी आलं नाही, आणि येणार नाही हे मला माहीत होतं. मार्चमध्ये तो मस्कतला गेला, तेही मला बागवानकडून कळलं.